भाच्याचा भाता

या सदरातून मोटारीविषयी लिहिण्याची पाळी माझ्यावर कधी येईल असे वाटले नव्हते. मराठीच्या प्राध्यापकाने फार तर मोरोपंतांच्या आर्येतल्या रथाविषयी लिहावे! पण गेल्या मे महिन्यात न्यू जर्सीला भाच्याकडे जायला निघालो, तेव्हा आमच्या ताईने भाजणीच्या पिशवीबरोबर एक कामगिरीही माझ्या गळ्यात घातली.

"त्याला नीट समजावून सांग. सूनबाईला दिवस गेलेत, आणि हा साठवलेले पैसे घालून गाडीला कसलंसं यंत्र बसवतोय म्हणे!"

गाडी म्हणजे २००४ सालची सुबारू डब्ल्यूआरएक्स. दोन लिटरचे इंजिन, २२७ अश्वशक्ती आणि बॉनेटवर हवा घेण्यासाठी उघडलेली भली मोठी नाकपुडी. भाच्याने ती जुनीच विकत घेतलेली. तिच्याकडे पाहताना त्याच्या चेहऱ्यावर जे तेज येई, ते मी त्याच्या लग्नातही पाहिले नव्हते. (सूनबाई हा अंक वाचतात, म्हणून हे वाक्य हळूच लिहिले आहे.)

टर्बोचार्जर म्हणजे काय, ते त्याने मला पोहे खाता खाता सांगितले. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर एरवी वाया जातो. त्याच्या वाटेत एक छोटे चक्र बसवायचे. त्याच आसाच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चक्र. ते बाहेरची हवा ओढते आणि दाबून इंजिनात भरते. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त जाळता येते, म्हणून ताकद जास्त. थोडक्यात लोहाराचा भाता, पण भट्टीच्याच धुरावर चालणारा! आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने १९०५ साली याचे पेटंट घेतले. अमेरिकेत १९६२ साली ओल्ड्समोबिल जेटफायर ही टर्बोवाली गाडी निघाली. तिला पाणी आणि मिथेनॉल यांच्या मिश्रणाची वेगळी टाकी होती आणि मालक ती भरायला विसरत. माणसे सगळीकडे सारखीच.

"मग आहे तो भाता बदलायचा कशाला?" मी विचारले.

"मामा, कंपनीचा टर्बो लहान आहे. तीन हजार फेऱ्यांच्या आसपास तो जोर धरतो, पण वर सहा हजारांकडे त्याला धाप लागते. मी वीस-जी बसवणार. तुम्ही एकदा बसून तर बघा!"

त्याच्या एका मित्राने तसाच मोठा टर्बो बसवला होता. त्या गाडीत मी मागे बसलो. आखूड चढावरून हमरस्त्याला लागायचे होते. मित्राने पाय दाबला. काही नाही. मागून एक ट्रक येत होता, हे मला आरशाशिवायही कळत होते. 'रामरक्षा कुठून सुरू होते' असा विचार मनात येतो न येतो, तोच पाठीत कोणी गुद्दा घालावा तशी गाडी सुटली. मित्र खूश. भाचाही खूश, पण जरा गप्प.

घरी आल्यावर मी कारण विचारले. मोठे जाते फिरू लागायलाच वेळ लागतो, तसेच हे. चक्र जितके मोठे, तितका त्याला फिरवायला धूर जास्त हवा. आणि तो जास्त धूर इंजिन चार हजारांच्या आसपास पोचेपर्यंत मिळत नाही. तोवर नुसती वाट पाहायची.

त्या रात्री त्याने जेवणाच्या टेबलावर एक नकाशा पसरला. भूगोलाच्या पुस्तकात डोंगराच्या समोच्च रेषा असतात ना, हुबेहूब तसा. आडवी मोजायची हवा, उभा मोजायचा दाब. मधल्या बेटात टर्बोचे काम सर्वांत उत्तम. डावीकडची सीमा ओलांडली की हवा उलटी फिरून यंत्र हेलकावे खाते. उजवीकडे फार गेले की हवा नुसती तापते. तापलेल्या हवेत पेट्रोल ठिणगीची वाट न पाहता पेटते आणि पिस्टन फुटण्याची पाळी येते. 'आपल्या इंजिनाला लागणारी हवा कोणत्या बेटावर पडते, ते पाहून टर्बो निवडायचा,' असे तो सांगत होता. मला हे फार आवडले. आमच्याकडे ग्रंथसुद्धा इतक्या काळजीने निवडत नाहीत.

सूनबाई इतका वेळ मटार सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "ऑफिसला गाडी मी नेते. सहा हजारांच्या वर ती आठवड्यातून किती वेळा जाते?"

भाच्याने उत्तर दिले नाही. पण दुसऱ्या दिवसापासून गाडीत एक वही आली. आठ दिवसांनी हिशेब झाला: बहुतेक सारा प्रवास दोन ते चार हजारांच्या मधला. सहा हजारांवर गाडी एकूण तीनदा गेली होती, तीही मामांना दाखवण्यासाठी!

मग खर्चाचा कागद निघाला. मोठ्या टर्बोला मोठे इंजेक्टर, मोठा पंप, हवा थंड करणारा मोठा इंटरकूलर. वर गाडीच्या संगणकात पेट्रोलचे सगळे हिशेब नव्याने भरून घ्यायचे. बेरीज टर्बोच्या किमतीच्या दुपटीवर गेली. कागदाच्या मागच्या बाजूला प्रसूतीच्या खर्चाची बेरीज होती. भाचा कितीतरी वेळ कागद उलटासुलटा करीत राहिला. मी खोलीत जाऊन झोपलो. समजावण्याची कामगिरी तशीच राहिली.

शेवटी त्याने सोळा-जी घेतला. साडेतीन हजारांच्या आत जोर धरणारा, मूळच्यापेक्षा थोडा मोठा. धूर शुद्ध करणारा भागही जागच्या जागी ठेवला. तो काढणे तिकडच्या कायद्याला चालत नाही. इंजेक्टर, पंप आणि संगणकाचे काम मात्र टळले नाही.

नवरात्रात फोटो आला. मागच्या सीटवर बाळाची खुर्ची, तीत आमचा नातू, आणि स्टिअरिंगवर सूनबाई. ताईला दाखवला. तिने चष्मा पुसून तो दोनदा पाहिला आणि म्हणाली, "बेताचाच बसवायचा होता, तर पहिला काय वाईट होता?"

प्रश्न मी न्यू जर्सीला कळवला आहे. उत्तर अजून यायचे आहे.