टीडीएस मीटरला जंतू दिसत नाहीत



कर्जत-खालापुरात घरोघरी आरओ हवाच, हा गेल्या अंकातील पत्रलेखकाचा सल्ला म्हणजे आग सोमेश्वरी नि बंब रामेश्वरी. भिवपुरी आणि खोपोलीच्या वीजकेंद्रांतून उल्हास-पाताळगंगेत सुटते ते घाटमाथ्यावर साठवलेले पावसाचे पाणी. त्यात क्षार मुळात कमी. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असेल तिथे आरओवर बंदी घाला, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्येच सरकारला सांगितले होते.

आपला खरा शत्रू पावसाळ्यातले जंतू, आणि ते टीडीएस मीटरला दिसतच नाहीत! विहिरीचे पाणी जंतुतपासणीच्या एच-टू-एस कुपीत भरून ठेवा. दीड-दोन दिवसांत काळे पडले, तर उकळूनच प्या आणि ग्रामपंचायतीकडे टीसीएल या क्लोरीनच्या पावडरीचा आग्रह धरा. गढूळ पाण्यात आधी तुरटी फिरवून गाळ बसू द्या, नाहीतर क्लोरीन त्या गाळातच खर्ची पडतो.

बोअरचे पाणी उपसताना नितळ, पण काही वेळाने तांबूस होऊन बादलीच्या तळाशी विटकरी साका धरत असेल, तर त्यात लोह आहे. ते या बादलीतून त्या बादलीत उंचावरून ओतून हवा लागू द्या, रात्रभर निवळू द्या, मग वरचे तेवढे दुहेरी फडक्यातून गाळून घ्या. यंत्र विकणाऱ्याला घरी बोलावण्यापूर्वी पाणी सरकारी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे, एवढी माझी वाचकांना कळकळीची विनंती.

– एक वाचक, नेरळ (ता. कर्जत)