घाटात पॅडल खाली जाते, सकाळी ब्रेक ठीक!

वाचकहो, या पानासाठी आमच्याकडे येणारी पत्रे बहुधा स्वयंपाकघर, आजारपण, नाहीतर मुलांच्या परीक्षा यांविषयी असतात. गाडीच्या ब्रेकविषयी आलेले हे पहिलेच पत्र. पण ज्या घरचा कर्ता माणूस स्टिअरिंगवर बसून पोट भरतो, त्या घरात ब्रेक हा घरगुतीच विषय म्हणायचा. शिवाय आमचीही उमेदीची वर्षे वर्कशॉपात ग्रीसने हात काळे करण्यात गेली आहेत. तेव्हा हे उत्तर जरा सविस्तर देत आहोत.

पत्र लिहिणाऱ्या भगिनीचे पती एका मालकाच्या कॅराव्हॅनवर चालक आहेत. कॅराव्हॅन म्हणजे चाकावरचे घर. आत पलंग, ओटा, शेगडी, पाण्याची टाकी, संडास सगळे असते. २०२१ मध्ये राज्य शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हापासून हे नाव आपल्याकडेही कानावर येऊ लागले आहे. यांची गाडी सतरा-आसनी प्रवासी टेम्पोच्या चेसिसवर बांधलेली आहे. महाबळेश्वरहून पाहुणे घेऊन परतताना पसरणी घाट निम्मा उतरला आणि पॅडल मऊ लागू लागले. पाय खाली खाली जाऊ लागला. दोन-तीन वेळा पंप मारल्यावर गाडी आवरली. मागे पलंगावर पाहुण्यांची दोन मुले झोपलेली होती. वाईला पोचल्यावर गाडी उभी केली, तासाभराने पाहिले तर पॅडल पूर्वीसारखे कडक! मालकाचे म्हणणे, "आता लागतोय ना ब्रेक? मग झाले." दुसरी तक्रार जुनी आहे. उतारावर हॅन्डब्रेक गाडी धरत नाही. गॅरेजातल्या पोराने दोनदा केबल आवळून दिली, तरी चाकाला दगड लावावाच लागतो. भगिनी विचारतात, "यांनी गाडी न्यावी की नोकरी सोडावी?"

ताई, नोकरीचे पुढे बघू. आधी एवढे ध्यानात घ्या, की तुम्ही लिहिलेल्या तक्रारी दोन असल्या तरी आम्हाला हे दुखणे एकच दिसते.

मऊ पॅडल म्हटले की गॅरेजवाला लगेच "एअर धरली असेल" म्हणतो. पुष्कळदा ते खरेही असते. पण पॅडल केव्हा मऊ होते आणि कसे, हे विचारल्याशिवाय पान्याला हात लावू नये. गाडी थंड असतानाही पॅडल स्पंजसारखे दबत असेल आणि पंप मारल्यावर वर येत असेल, तर नळीत हवा आहे. पहिल्या दाबाला खोल जाते, दुसऱ्या दाबाला वर येते आणि तिथे टणक लागते, असे असेल तर बहुधा मागचे लायनर झिजून ड्रमपासून लांब गेलेले असतात. पाय एकसारखा दाबून धरला असता पॅडल हळूहळू तळाला बसत असेल, तर कुठेतरी गळती आहे, किंवा मास्टर सिलिंडरच्या आतल्या रबरावरून तेल मागे सरकते आहे. हा शेवटचा दोष फसवा असतो, कारण बाहेर थेंबही दिसत नाही. याच्या उलट, पॅडल दगडासारखे कडक आणि गाडी मात्र थांबत नाही, अशी तक्रार असेल तर बूस्टर पाहावा. इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा पॅडल मारा, मग पाय दाबून ठेवून इंजिन सुरू करा. पाय किंचित खाली गेला तर बूस्टर ठीक आहे.

या भगिनीच्या पतीची तक्रार यांपैकी कशातच नीट बसत नाही. गाडी थंड असताना सगळे ठीक, तापल्यावर पॅडल मऊ, निवल्यावर पुन्हा ठीक. हे तेल उकळल्याचे लक्षण आहे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. डॉट-३ जातीचे तेल नवे असताना २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषल्यावर त्याचा उत्कलनबिंदू १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. डॉट-४ चे हेच आकडे २३० आणि १५५. तेल उकळले की चाकापाशी वाफेचे बुडबुडे होतात. तेल दबत नाही, वाफ दबते, म्हणून पाय खाली जातो. निवले की वाफेचे पुन्हा तेल होते आणि मालकाला वाटते, गाडी आपोआप बरी झाली. पुढच्या घाटात तोच प्रकार होणार आणि त्या वेळी वाई जवळ असेलच असे नाही. कोकणात नाहीतर मुंबईत पावसाळे काढलेल्या गाडीचे तेल दोन वर्षांनी बदलावे. कॅराव्हॅन तर महिनोन्महिने उभीच असते, त्यामुळे किलोमीटर कमी दिसतात आणि तेलाकडे कोणाचे लक्ष जात नाही.

पण नुसत्या जुन्या तेलाने इतके होते का? पाचगणी ते वाई अर्ध्या किलोमीटरहून जास्त उंची उतरायची. दीडशे लिटरची टाकी भरलेली असेल तर दीडशे किलो नुसते पाणीच, शिवाय पलंग, कपाटे, गॅस. सतरा माणसे उतरली तर टेम्पो हलका होतो, हे घर कधीच हलके होत नाही. ज्या गिअरमध्ये हा घाट चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरावे, हे पत्रातल्या चालकाला आम्ही शिकवायला नको. ते तसेच उतरत होते असे पत्रात आहे. मग इतकी उष्णता आली कुठून?

ती केबलमधून आली असावी. अशा गाड्यांत हॅन्डब्रेकची केबल मागच्या ड्रममधलेच ब्रेक शू ओढते. लायनर झिजले, शू ड्रमपासून लांब गेले की हॅन्डब्रेकही धरत नाही. अशा वेळी आधी चाकापाशी शू ॲडजस्ट करायचे, केबल सगळ्यात शेवटी. गॅरेजातल्या पोराने उलटे केले, सोपे पडते म्हणून केबलच आवळली. आता लिव्हर खाली सोडला तरी शू पुरते मागे येत नाहीत, चालत्या गाडीत ड्रमला घासत राहतात. जिथे शू आपोआप ॲडजस्ट होण्याची सोय असते, तिथे ताणलेल्या केबलमुळे तीही काम करीनाशी होते. घाट सुरू होण्याआधीच मागचे ड्रम तापलेले, त्यात ओलावा प्यालेले तेल! केबलच्या नळीत गंज असेल तरीही केबल अशीच अडकून राहते.

आमचा अंदाज खरा की खोटा हे घरच्या घरी कळेल. सपाट रस्त्यावर, ब्रेक फारसा न लावता, चार-पाच किलोमीटर गाडी चालवून थांबवा. हात मागच्या चाकाजवळ न्या, लावू नका. पुढच्या चाकापेक्षा तिथे धग जास्त लागली, जळका वास आला, तर ब्रेक चिकटतो आहे. मग सपाट जागी पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी गुटके लावून, हॅन्डब्रेक सोडून, मागचे एक चाक उचलावे आणि हाताने फिरवून पाहावे. थोडी घासण चालेल, चाक अडता कामा नये. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. जुन्या जीपगाड्यांत हॅन्डब्रेक चाकाला नसून मागे जाणाऱ्या शाफ्टला असे. अशा गाडीचे मागचे एक चाक उचलले की हॅन्डब्रेक ओढलेला असूनही गाडी घरंगळू शकते. तिथे भरवसा गुटक्यांचाच.

ड्रम उघडल्यावर लायनर तेलाने भिजलेले आढळले तर पुसून परत लावू नका, बदला, आणि तेल व्हील सिलिंडरचे की ॲक्सलचे हे पाहून ती गळतीही काढा. ड्रममधली धूळ फुंकू नका, हवाही मारू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असते आणि ते फुप्फुसात जाते. आमच्या बरोबरीची माणसे ती धूळ तोंडाने फुंकत आली, त्या वेळी कोणी सांगितले नाही. ओल्या फडक्याने पुसा, ते कपडे मुलांच्या कपड्यांबरोबर धुऊ नका. तेल बदलताना झाकणावर लिहिलेल्या जातीचेच, बंद डब्यातले घ्यावे. इंजिन ऑइलचा एक घोटही त्यात गेला तर सगळी रबरे फुगतात आणि पुरते काम नव्याने करावे लागते.

आता नोकरीचे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १९० प्रमाणे धोकादायक दोष असलेली गाडी रस्त्यावर चालवणारा जसा दोषी, तसाच ती चालवायला लावणारा किंवा चालवू देणाराही दोषी. दोष माहीत असला पाहिजे, किंवा साध्या काळजीने कळण्यासारखा असला पाहिजे. कलम १२६ प्रमाणे चालकाने गाडी सोडून जाताना ती आपोआप हलणार नाही अशी तजवीज करायची असते. म्हणजे हॅन्डब्रेक धरत नाही हे ठाऊक असून गाडी उतारावर सोडली तर जाब चालकालाच विचारला जाणार. म्हणून तोंडी सांगून थांबू नका. अमुक तारखेला पसरणी घाटात पॅडल खाली गेले, हॅन्डब्रेक धरत नाही, केबल दोनदा आवळली आहे, एवढे चार ओळींत लिहून मालकाच्या मोबाइलवर पाठवा आणि तो संदेश पुसू नका. भांडणाची भाषा नको. तेल बदलणे आणि शू ॲडजस्ट करणे हे मोठ्या खर्चाचे काम नाही, हेही त्यात लिहा, पुष्कळ मालक तेवढ्यावर तयार होतात. काम होईपर्यंत घाटाची फेरी घेऊ नये.

भगिनीने पत्राच्या शेवटी आणखी एक विचारले आहे, की पावसात गाडी महिनाभर उभी ठेवायची तर हॅन्डब्रेक ओढून ठेवावा का? नको. शू ड्रमला चिकटतात. गाडी सपाट जागी, गिअरमध्ये, दोन्हीकडून गुटके लावून ठेवावी आणि टाकीतले पाणी काढून टाकावे.