ई-सेलचा अध्यक्ष कसा निवडावा?

भोपाळमध्ये होतकरू विद्यार्थ्यांसाठी सोयींची वानवा नाही. स्मार्ट सिटीचे बी-नेस्ट हे इनक्युबेशन सेंटर आहे, रवींद्रनाथ टागोर विद्यापीठात अटल इनक्युबेशन सेंटर आहे, आणि मध्य प्रदेशचे उद्योजकता विकास केंद्र ‘सेडमॅप’ तर 1988 पासून उद्योजकतेचे प्रशिक्षण देते आहे. अडते ते आपल्याच दारात, महाविद्यालयाच्या उद्योजकता कक्षासाठी, म्हणजे ई-सेलसाठी मुले निवडताना. पाच मिनिटांची पिच, परीक्षकांचे दोन प्रश्न, आणि ज्याचे बोलणे फर्डे तो अध्यक्ष.

झाओ आणि सायबर्ट या संशोधकांनी 2006 मध्ये 23 अभ्यास एकत्र करून उद्योजकांची नोकरदार व्यवस्थापकांशी तुलना केली. बहिर्मुखतेत दोघांमध्ये म्हणावा असा फरक निघाला नाही. फरक निघाला तो काम नेटाने तडीस नेण्यात, नव्याचे वावडे नसण्यात आणि मन चटकन न ढळण्यात. शिवाय उद्योजक सौम्यपणात कमी भरले. तेव्हा वर्गात ‘सर, हे पटत नाही’ म्हणणारी, आपल्याला जरा डोईजड वाटणारी मुलगी यादीतून खोडण्याआधी दोनदा विचार करावा. (हट्टीपणाला बक्षीस द्या असे नव्हे, चार जणांचा चमू टिकवायचा तर ऐकूनही घ्यावे लागते.)

रिंग फेकण्याचा खेळ आपल्यापैकी अनेकांनी प्रशिक्षणात घेतला असेल. समोर खुंटी, हातात रिंगा. कुठून फेकायची ते ज्याचे त्याने ठरवायचे, जितके लांब तितके गुण जास्त. कोणी खुंटीला चिकटून उभा राहतो, कोणी टाळ्यांसाठी थेट भिंतीपाशी जातो. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांच्या मते सिद्धिप्रेरणा, म्हणजे काही चांगले करून दाखवण्याची ओढ, प्रबळ असलेला माणूस मधले अंतर धरतो: हुकू शकेल, पण कसब लावले तर जमेल असे. आपण बहुधा पहिल्या फेरीचे गुण लिहून खेळ आटोपतो. खरी पाहण्याजोगी दुसरी फेरी. तीन रिंगा हुकल्यावर अर्धे पाऊल पुढे कोण सरकतो, आणि तिथेच उभा राहून रिंगेला नावे कोण ठेवतो?

‘हे गुण जन्मजातच, आपण काय करणार’ असे स्टाफरूममध्ये ऐकू येते. साठच्या दशकात मॅक्लेलंड यांनीच आंध्रातल्या काकीनाड्याच्या व्यावसायिकांना या प्रेरणेचे प्रशिक्षण दिले, आणि पुढे त्यांची धंद्यातली हालचाल वाढलेली दिसली. 2017 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेला आफ्रिकेतल्या टोगोमधला प्रयोग अधिक काटेकोर होता. 1500 छोटे व्यावसायिक, तीन गट. नेहमीचे व्यवसाय-प्रशिक्षण घेतलेल्यांचा नफा सुमारे 11 टक्के वाढला, तोही संख्याशास्त्राच्या कसोटीवर न टिकणारा. आपणहून पाऊल उचलायला शिकवलेल्यांचा 30 टक्के वाढला.

अर्थात ती सारी धंद्यात पडलेली माणसे, आपले विद्यार्थी अजून त्यात नाहीत. आपल्याकडे वर्गात प्रश्नावली वाटतात आणि ‘उद्योग करणार का?’ विचारतात. घरात भेल कारखान्यातली किंवा वल्लभ भवनातल्या मंत्रालयातली नोकरी, एमपी नगरात कोचिंगची फी भरलेली. अशा मुलाने ‘होय’वर खूण केली तरी त्यावरून काय ओळखणार?

यंदा पिच आधी ठेवू नका. गोविंदपुऱ्यातल्या एखाद्या लघुउद्योगाची बारीकशी अडचण द्या, पंधरा दिवस द्या, खर्चाला पाचशे रुपयांची मर्यादा घाला. मध्ये एकदा फक्त त्यांची कामाची नोंदवही पाहा: कोणाला फोन केला, कोण नाही म्हणाले, मग काय बदलले. पिच त्यानंतर घ्या. फर्डे बोलणाऱ्यांना प्रसिद्धीचे काम आहेच.