रूळ मावळचे, गाडी इतरांची

मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली. मोटारींना रस्ता मोकळा हवा होता, म्हणून स्वस्त आणि लोकप्रिय वाहन मोडीत निघाले. जमिनीवरचे रूळ गमावलेल्या त्याच नगरीला पुढे हजारो कोटी ओतून मेट्रोसाठी भुयार खणावे लागले. नियोजनाचा महिमा, दुसरे काय!

मावळात रूळ उखडण्याचे पातक कोणी केले नाही. येथे रूळ राहिले. त्यांवर अग्रक्रम मात्र इतरांचा. पुणे-खंडाळा लोहमार्ग १८५८ सालचा, म्हणजे बोरघाटातील मार्गाहूनही पाच वर्षांनी वडील. पुणे-लोणावळा लोकल आली ती १९७८ मध्ये. या सुमारे ६४ किलोमीटरच्या दोनच मार्गिकांवरून मुंबईच्या एक्स्प्रेस, मालगाड्या आणि लोकल अशा साऱ्यांनाच धावायचे आहे. अर्थात मागून एक्स्प्रेस आली की बाजूला थांबायचे ते लोकलने. दुपारी तासन्‌तास गाडी नसणे हा तर वर्षानुवर्षांचा अनुभव. कामशेतहून तळेगावच्या महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थिनीने सकाळचे तास संपल्यावर करायचे काय, हा प्रश्न कोणत्याही वेळापत्रकात उमटत नाही.

पैसा नाही, डोंगराळ भूमी आहे, ही सबब टिकणारी नाही. याच मावळातून द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला. खोपोली-कुसगाव जोडरस्त्यासाठी सह्याद्री पोखरला गेला. मोटारीसाठी डोंगर वाकतो, लोकलसाठी फाईलही हलत नाही!

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेच्या ५,१०० कोटींच्या प्रकल्पास मान्यता दिली. निर्णय स्वागतार्हच आहे. परंतु काम पुण्याच्या टोकाकडून सुरू होऊन महापालिकेच्या हद्दीशी रेंगाळले, तर मावळच्या पदरी पुन्हा प्रतीक्षाच येईल. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये गर्दी अधिक, हे मान्य. पण तेथे २०२२ पासून मेट्रो आहे. वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली यांना लोकलवाचून दुसरी रेल्वे नाही. तेव्हा तळेगाव-लोणावळा टप्पा आधी हाती घ्यावा, आणि तोवर दुपारच्या फेऱ्या वाढवाव्यात. त्यासाठी नवे रूळ लागत नाहीत. देखभालीच्या वेळा बदलण्याची इच्छा लागते.