विद्यापीठाच्या यशात बाजारपेठेचाही वाटा हवा

सांगोल्याच्या डाळिंबाने फार लांबचा पल्ला गाठला आहे. देशातील शंभरावी किसान रेल्वे २८ डिसेंबर २०२० रोजी सांगोल्याहूनच पश्चिम बंगालमधील शालिमारकडे निघाली. माल दूरवर पोहोचविणाऱ्या या गावातून आपल्या समाजाची किती मुले-मुली विद्यापीठापर्यंत पोहोचतात, हाही हिशेब व्यापारी बांधवांनी एकदा मांडावा.

विद्यापीठ चालविणे हे सरकारचे काम, त्यात आपला काय संबंध, असे पुष्कळांना वाटते. इतिहास मात्र वेगळे सांगतो. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. त्याचे ग्रंथालय आणि राजाबाई टॉवर प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्याच्या चार लाखांच्या देणगीतून उभे राहिले. सर मोहंमद युसुफ यांनी १९१४ साली मुस्लिम मुलांच्या उच्च शिक्षणासाठी आठ लाख रुपये दिले. त्यातूनच १९३० साली जोगेश्वरीचे इस्माईल युसुफ कॉलेज सुरू झाले. तेथून पदव्या घेऊन निघालेल्या पिढ्यांच्या यशात या दात्याचा वाटा आहे.

‘ही शेठ लोकांची कामे, आम्ही पडलो छोटे दुकानदार,’ असे कोणी म्हणेल. त्यांनी साताऱ्याकडे पाहावे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली स्थापन केलेली रयत शिक्षण संस्था घरोघरच्या मूठभर धान्यावरही वाढली. आज साताऱ्यात कर्मवीरांच्या नावाचे विद्यापीठ आहे. अलीगढला १८९० साली विद्यार्थ्यांनीच ‘अंजुमन-अल-फर्ज’ काढली आणि सुट्टीत गावोगाव फिरून गरीब सोबत्यांसाठी वर्गणी जमविली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०६ साली मुस्लिम बोर्डिंगचा पाया घातला. बाहेरगावच्या मुलाला वर्गाइतकीच राहण्या-जेवण्याची सोय लागते, हे महाराजांनी ओळखले होते.

आपली अडचण आजही तीच आहे. सोलापूरचे विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ रोजी स्थापन झाले, त्यामुळे कोल्हापूरवरचे अवलंबन संपले. सांगोल्यातच महाविद्यालयही आहे. परंतु पदवीनंतर पुढे शिकायचे तर सोलापूर, पुण्याला खोली, खाणावळ आणि प्रवासाचा खर्च आलाच. सरकारी शिष्यवृत्ती आहे, पण ती हाती पडण्याआधी फी आणि खोलीचे भाडे भरावे लागते. नेमक्या या दोन-चार महिन्यांत बागवान, पिंजारी, आतार, मणियार यांच्या घरचा हुशार मुलगा दुकानावर बसतो आणि मुलीचे शिक्षण तर कायमचे थांबते.

यावर उपाय आपल्या गल्ल्यातच आहे. रविवारच्या बाजारानंतर शंभर दुकानदारांनी प्रत्येकी पन्नास रुपये बाजूला काढले, तर आठवड्याला पाच हजार आणि वर्षाला दोन लाख साठ हजार रुपये जमतात. यातून मुलांना बिनव्याजी कर्जे हसना द्यावे. शिष्यवृत्ती आली की त्यांनी ते परत करावे. म्हणजे तीच रक्कम पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या कामी येईल.

जकातीचाही विचार व्हावा. जकातीस पात्र असलेल्या गरजू विद्यार्थ्याला ती देता येते. मात्र हनफी उलेमांच्या मते जकात हकदाराच्या मालकीत जावी लागते. तिच्यातून इमारत बांधता येत नाही. म्हणून जकात आणि इतर इमदाद यांची खाती वेगळी ठेवावीत आणि मसला स्थानिक उलेमांना विचारून घ्यावा.

व्यापारात पत असते ती चोख हिशेबामुळे. हा फंडही रीतसर ट्रस्ट म्हणून नोंदवावा आणि दरवर्षी हिशेब तपासून घ्यावा. जमा-खर्च मशिदीच्या फलकावर लावावा, पण मदत घेणाऱ्या मुलांची नावे लावू नयेत. मदत कोणाला द्यायची हे नाते-गोते, बिरादरी पाहून ठरवू नये. गरज आणि गुण पाहावेत. फंडाच्या कामात एक-दोन शिक्षक आणि शिकलेल्या भगिनीही असाव्यात.

लग्नाच्या मांडवावर एका रात्रीत आपण किती उधळतो, हे सांगायला नको. त्यातला थोडा भाग वाचला तरी एका मुलाचे वर्ष वाचेल. जूनमध्ये प्रवेश सुरू होतात. त्याआधी दहा दुकानदारांनी एकत्र बसून पहिली पावती फाडावी. बाकीचे मागोमाग येतील.