नकलेची सवय प्रबंधाच्या आधीच लागते

मा. अध्यक्ष,
विद्यापीठ अनुदान आयोग, नवी दिल्ली

महोदय,

वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी आयोगाने २०१८ साली विनियम केले. प्रबंधातले साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही, ४० टक्क्यांपर्यंत असेल तर सहा महिन्यांत सुधारून द्यायचे, ६० टक्क्यांच्या वर गेले तर नोंदणीच रद्द. संशोधनाला अशी शिस्त हवीच होती. पण याच विनियमांनी असाइनमेंट, प्रोजेक्ट रिपोर्ट, निबंध आणि उत्तरपत्रिका आपल्या कक्षेबाहेर ठेवल्या आहेत. नकलेची सवय लागते ती नेमकी इथे, आणि पीएचडीला नाव नोंदवेपर्यंत ती अंगवळणी पडलेली असते.

बीएस्सीचे जर्नल पाहा. लंबकाच्या प्रयोगातून गुरुत्व त्वरणाचे मूल्य ९.८ च्या आसपास यायला हवे, हे विद्यार्थ्याला आधीच ठाऊक असते. त्याचे ९.३ आले, तर दोऱ्याची लांबी मोजताना चुकले की आंदोलने मोजताना, याचा शोध घेणे हेच खरे शिक्षण. पण गुण मिळतात ते ‘बरोबर’ उत्तराला आणि वेळेत सही झालेल्या सबमिशनला. मग उत्तर आधी ठरवून त्याला जुळतील अशी रीडिंग्ज मागून बसवली जातात, नाहीतर मागच्या बॅचची फाईल उतरवली जाते. तीन वर्षे ज्याला याचेच गुण मिळाले, त्याला प्रबंधात आकडेवारी रचू नकोस असे सांगायला फार उशीर झालेला असतो.

यावर कोणी म्हणेल, शिक्षा कडक करा. परीक्षेतल्या गैरप्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात १९८२ पासून कायदा आहे, २०२४ मध्ये केंद्रानेही केला. पण दोन्हींचा रोख परीक्षेवर आहे, वर्षभराच्या कामावर नाही. सॉफ्टवेअरही मुख्यतः शब्दांचे साम्य मोजते. इंग्रजी लेख मराठीत उतरवून दिला किंवा एआयकडून लिहून घेतला, तर ते सहज चकते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : वर्गात शंभर विद्यार्थी, रिक्त पदे, तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक, प्रत्येकाचे काम तपासायला वेळ आणायचा कुठून? त्यासाठी असाइनमेंटची संख्या कमी करावी लागेल. कोणी न वाचलेल्या सहा असाइनमेंटपेक्षा नीट तपासलेल्या दोन पुरेशा. लिहिलेल्या मजकुरावर प्रत्येकाला पाच मिनिटे तोंडी प्रश्न विचारले, तर शंभर जणांना साडेआठ तासही लागत नाहीत. स्वतः काम केलेला विद्यार्थी अडखळत का होईना, ते समजावून सांगू शकतो; उतरवून आणलेल्याला ते जमत नाही.

म्हणून आयोगाला विनंती आहे, की अंतर्गत मूल्यमापनासाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे काढावीत. त्यांत तोंडी पडताळणी सक्तीची असावी, चुकलेल्या पण खऱ्या निरीक्षणाला गुण असावेत आणि तपासणीचे तास प्राध्यापकांच्या कार्यभारात धरले जावेत. पहिल्या चुकीला शिक्षेऐवजी काम पुन्हा करून देण्याची संधी मिळावी. प्रामाणिकपणावर दर सत्रात व्याख्याने जरूर व्हावीत. पण विद्यार्थी शिकतो ते गुण कशाला मिळतात हे पाहून. ते ठरवण्याचा अधिकार आपल्या हाती आहे.

आपला विश्वासू,
उच्च शिक्षणाचा एक हितचिंतक