पैलवानाचा पगार किती?



मागच्या व्हिडिओत सीझनच्या धंद्याबद्दल बोललो, त्यात एक उदाहरण राहून गेलं. कोल्हापूरच्या तालमीतला पैलवान. तुम्ही म्हणाल, सर, पैलवान कुठला उद्योजक? पण एकट्याच्या जिवावर चालणारा धंदा समजून घ्यायचा तर मला त्याचंच उदाहरण सगळ्यात जवळचं वाटतं.

बघा. गावोगावच्या जत्रांची मैदानं दिवाळीनंतर सुरू होतात, चैत्र-वैशाखात जोर धरतात आणि पाऊस लागला की थांबतात. इनाम मिळणार ते तेवढ्याच दिवसांत. दूध, तूप, बदाम, थंडाई, मटण मात्र बारा महिने लागतं. समजा, सहा महिन्यांच्या हंगामात 2 लाख 40 हजार हातात आले. पोरगं धरून चालतं की आपली कमाई महिना 40 हजार. खरी कमाई 20 हजारच आहे! उरलेले 20 हजार पावसाळ्यातल्या खुराकाचे. ते आधीच मोटरसायकलच्या हप्त्यात गेले, की श्रावणात बदाम बंद.

आणि खुराक तुटला की पुढच्या हंगामात जोड खालची लागते. जोड खालची, म्हणजे इनामही खालचं. म्हणून खुराकाला मी खर्च म्हणतच नाही, ते भांडवल आहे. रसवंतीवाला ऑफ सीझनला चरकाची दुरुस्ती टाळतो, मंडपवाला फाटकं कापड तसंच गुंडाळून ठेवतो, तो याच जातीचा प्रकार.

'पॅशन ठेवा, पैसा आपोआप येतो' हे वाक्य मला अजिबात पटत नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव घ्या. 1952 साली हेलसिंकीला कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्यांना पाठवायला लोकांनी वर्गणी काढली, कॉलेजच्या प्राचार्यांनी स्वतःचं घर गहाण टाकलं. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्या करून ते घर सोडवून दिलं असं सांगतात. आधी देणं, मग बाकी सगळं. आणि एवढं पदक असूनही पोटासाठी 1955 मध्ये ते पोलीस खात्यात रुजू झाले. कौतुकावर घर चालत नाही हो.

शिवाय पैलवानाचं दुकान म्हणजे त्याचं शरीर. एक गुडघा गेला की शटर खाली. मग दुसरं उत्पन्न कधी उभं करायचं? माझं मत, नाव चालू असतानाच. ज्याचं नाव मैदानात पुकारलं जातं, त्याच्या दूध डेअरीला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. पाच वर्षांनी तीच डेअरी टाकली तर बोर्ड रंगवावा लागतो, उधारीवर दूध घालावं लागतं.

तुमच्या धंद्याचा पावसाळा कुठल्या महिन्यात येतो? वहीच्या पहिल्या पानावर लिहा, आणि त्या महिन्यांचा खुराक किती रुपयांचा, तो आकडा त्याच्याखाली. पुढच्या व्हिडिओला ती वही घेऊनच बसा, बँकेत वेगळं खातं कसं ठेवायचं ते त्यावरूनच बघू.